अध्याय सत्तेचाळिसावा

शुक्रवारची नमाज सुटली, सोहारचे रस्ते मोकळे झाले,
की आम्ही अकराजण चर्चच्या मागच्या खोलीत जमतो.
एसी ठिबकतो. खाली आईस्क्रीमचा रिकामा डबा.
भिंगारदिवे सरांनी आज फळ्यावर निळ्या मार्करनं
मंदिराचा उंबरठा काढलाय,
उंबरठ्याखालून एक रेघ: नदी.

हजार हात, घोटाभर.
हजार हात, गुडघाभर.
आणखी हजार, कंबर.
पुढं आकडा नाही, पुढं पोहायचं.

सर बंदरावर कस्टमची कागदं सोडवतात,
आकडा संपला की बेचैन होतात.
दानीएलाची चार जनावरं गेल्या उन्हाळ्यात
त्यांनी चार राज्यांना वाटून टाकली.
तेव्हा करुणा उजागरे,
रात्रपाळी करून आलेली, डोळे न उघडता म्हणाली होती,
"सर, त्या जनावरांना आधी पाणी दाखवा."

आज पाणीच आहे.
नदी खाऱ्या समुद्रात शिरते, समुद्र गोडा होतो,
काठाकाठानं कोळ्यांची जाळी वाळतात.
सगळे माझ्याकडं बघतात.
समुद्र गोडा करायचीच तर नोकरी करतो मी,
किनाऱ्यावरच्या प्लांटमध्ये, बारा तासांची पाळी.

काय सांगू त्यांना.
शंभर घागरी आत घेतो तेव्हा चाळीस गोड्या निघतात.
उरलेल्या साठ, दीडपटीहून खारट,
एका जाड पाइपातून समुद्रालाच परत.
त्या तोंडापाशी मासा थांबत नाही.

हे मी मनातच ठेवलं. पुढची ओळ वाचली,
तर यहेज्केलानंही लिहून ठेवलेलं:
दलदली, डबकी मात्र तशीच राहतील.
ती मिठाला दिलेली.

"सर, ही का वगळली?"
नवा पोरगा, नथानिएल, जालन्याकडचा,
परांचीवर चढतो, वाचताना ओळीखाली बोट धरतो.
बोटाला पट्टी.
सर म्हणाले, हे शेवटल्या काळातलं आहे, बेटा.
कुणी म्हणालं, डबकी म्हणजे अविश्वासी.
करुणा म्हणाली, मीठ लागतंच की,
अर्पणाला लागतं, सलाइनला लागतं.
कुणी गाडीची किल्ली चाचपली.

नथानिएल म्हणाला,
"चार महिने पगार नाही झाला.
फोरमन म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागा.
कुठलं मीठ, ते तरी…"
आणि वाक्य तसंच टाकून
बोट पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं.

डब्यात एक थेंब पडला. मग आणखी एक.

मला एवढंच सुचलं, आणि ते मी बोललो:
हे लिहिणारा काही मंदिरात बसलेला नव्हता.
धरून आणलेला माणूस. परका मुलूख, कालव्याचा काठ,
पंचविसावं वर्ष.
गावाकडची खबर आली ती शहर पडल्याची.
बायको वारली, तर रडायचीही मुभा नव्हती त्याला.
एवढ्या लांबून घर बघणारा माणूस
सगळंच गोडं करून सांगतो,
मीही सांगतो फोनवर.
त्यानं डबकं सांगितलं.
नदीच्या हिशेबात धरलं.

सर काही बोलले नाहीत.
नदीच्या कडेला त्यांनी एक लहान गोल काढला,
आत काही लिहायला गेले, लिहिलं नाही.
मग पाठमोरेच म्हणाले,
"करार आहे जवळ? पासपोर्ट कुणाकडं?
अरबी अर्ज मला लिहिता येतो.
रविवारी सकाळी लेबर ऑफिस. सात वाजता ये, चहा न पिता."

शेवटची प्रार्थना त्या दिवशी राहूनच गेली.
मार्कर पक्का निघाला;
कापडानं घासलं, सॅनिटायझरनं घासलं,
नदी गेली, उंबरठा गेला,
तो गोल काही निघेना.
सहा वाजता मलयाळी मंडळी येतात त्याच खोलीत.
विचारलं तर काय सांगायचं,
यावर जिना उतरेपर्यंत आमचं एकमत झालं नाही.